सरूकाकींच्या खळ्याची मनाई

वकील निवृत्त होतो म्हणजे काय, तर त्याच्याकडे माणसं यायची थांबतात. माझ्या दारावरची पाटी अजून आहे. उन्हापावसाने अक्षरं फिकी पडलीत, पण पोस्टमनला वाचता येतात, तेवढं पुरे. रत्नागिरीच्या दिवाणी कोर्टात माझं उभं आयुष्य गेलं आणि त्यातलं निम्मं तरी 'करू नये' या दोन शब्दांवर गेलं. प्रतिवादीने गडगा पाडू नये, कलमांचे आंबे उतरवू नयेत, वाट अडवू नये, आत येऊ नये. इतकी वर्षं हेच लिहीत राहिलं की स्वभावातही थोडं उतरतं, असं माझी धाकटी बहीण म्हणायची. ती आता पुण्याला असते आणि फोनवर म्हणते.

लोकांना वाटतं, कोर्ट काहीतरी देतं. जमीन देतं, भरपाई देतं, सोडचिठ्ठी देतं. मनाई मागणाऱ्याला कोर्ट नवीन असं काहीच देत नाही. जे त्याच्या ताब्यात आहे त्याला दुसऱ्याने हरकत करू नये, एवढंच समोरच्याला बजावतं. दावा लावला की सोबत एक अर्ज जातो. त्याला आमच्याकडे निशाणी पाच म्हणतात. ती तात्पुरती मनाई. दाव्याचा निकाल लागेपर्यंत आहे ते तसंच राहू द्या, असा त्याचा अर्थ. हे 'तात्पुरतं' कधीकधी इतकं चालतं की अर्ज केला तेव्हा पाळण्यात असलेलं पोर निकालाच्या दिवशी मोटारसायकलवरून पेढे आणायला जातं. मग साक्षीपुरावे होतात, उलटतपास होतो, आणि ताबा तुमचा आणि हरकत त्याची हे दोन्ही शाबीत झालं, तर हुकूमनाम्यात कायमची मनाई मिळते.

या कायमच्या मनाईबद्दल बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं ते सांगते. ती जमिनीला बांधत नाही, माणसाला बांधते, आणि तेही फक्त प्रतिवादीला. वादी मोकळा असतो. दुसरं म्हणजे ती शिळी होत नाही. कोर्टाचे बाकीचे हुकूमनामे बारा वर्षांत अमलात आणावे लागतात, नाहीतर ते रद्दीत जमा. कायमच्या मनाईला असली मुदत नाही. प्रतिवादीने म्हातारपणी जरी ती मोडली तरी वादीला दरखास्त देता येते, आणि मुद्दाम मोडली असं ठरलं तर त्याच्या मालमत्तेवर जप्ती येते किंवा त्याला दिवाणी तुरुंगात जावं लागतं. मात्र कोर्ट आपणहून बघायला येत नाही. तक्रार वादीनेच करायची. वादी गप्प, तर कोर्टही गप्प.

पक्षकार एकेक नमुने असत. गुहागरच्या एका बागायतदारांना वानरांविरुद्ध मनाई हवी होती. मी म्हटलं, "काका, वानरांना समन्स कोण बजावणार?" तर म्हणाले, "वानरं शेजाऱ्याच्या फणसावर बसतात, तेव्हा त्याची झाली." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी घरी जाऊन पुस्तकं चाळली. देवरूखच्या बाजूचे एक गुरुजी तर मनाई जिंकल्यावरही ऑफिसात यायचे. कधी एसटीने, कधी कुणाच्या गाडीने. मी विचारलं, "शेजारी मोडतो का मनाई?" ते हिरमुसून म्हणाले, "छे हो. काहीच करत नाही. तोंडसुद्धा दाखवत नाही. पूर्वी निदान रोज भांडायचा." मी तेव्हा खूप हसले होते. आता तितकं हसू येत नाही.

छोट्या शहरात वकिली केली की निम्मं गाव आपलं पक्षकार होतं आणि उरलेलं निम्मं प्रतिवादी. पक्षकाराला आपण त्याच्या वाईट दिवसांची आठवण असतो आणि प्रतिवादीला तर बोलायलाच नको. लग्नाकार्यात माझ्या शेजारची खुर्ची बराच वेळ रिकामी असायची. मी एकटी राहिले ती काही ठरवून नाही. आई होती तोवर घर होतं, ती गेल्यावर फायली उरल्या. हे रडगाणं नाही, फक्त सरूकाकींची गोष्ट मला इतकी का लागली ते कळावं म्हणून सांगितलं.

सरूकाकी म्हणजे जयगडच्या अलीकडच्या एका वाडीतल्या सरस्वतीबाई. नवरा वारलेला, एकच मुलगी, ती लग्न होऊन डोंबिवलीला. शेजारचं घर दिराचं. दत्ताराम त्यांचं नाव, वाडीत सगळे त्यांना दत्तुआबा म्हणत. दोन भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहीर सामाईक राहिली, पण विहिरीकडे जायची जवळची वाट सरूकाकींच्या खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणातून गेली. नवरा होता तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तो गेल्यावर आबांच्या थोरल्या मुलाने मुंबईहून येऊन ठरवलं की या वाटेने टेम्पो गेला पाहिजे. त्याने मजूर लावून काकींच्या गडग्याचे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीचे, चिरे काढले. काकी आडव्या गेल्या. तो नको ते बोलला, आणि आबा आपल्या ओटीवर बसून ऐकत राहिले. मुलाला एका शब्दाने अडवलं नाही त्यांनी. काकींना गडग्यापेक्षा ते लागलं.

त्या माझ्याकडे आल्या त्या लाल मातीने भरलेल्या पायांनीच. खुर्चीवर न बसता म्हणाल्या, "बाई, माज्या खळ्यात त्या घरचं पाऊल पडता नये. कायमचं."

"कायमचं म्हणजे फार असतं, काकी," मी म्हटलं. "वाटेपुरतं मागू या का? पायी जायला मोकळीक ठेवू, गाडीला मनाई."

"पाऊल बोलले मी."

पक्षकार सांगतो तसा दावा होतो. फक्त एक अपवाद मी आग्रहाने घालायला लावला, तो ग्रामदेवतेच्या पालखीचा. शिमग्यात पालखी घरोघर नाचत येते. तिला अडवलं तर काकींना वाडीत राहणं मुश्कील झालं असतं. त्याला त्या कबूल झाल्या. देवीशी त्यांचं भांडण नव्हतं.

आबांच्या वकिलांनी कैफियत चांगली दिली होती. पिढ्यान्‌पिढ्याची वहिवाट आहे, वाटेचा हक्क आम्हाला मिळालेला आहे, असं त्यांचं म्हणणं. यात कायद्याची एक मेख आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून तुम्ही वर्षानुवर्षं हक्काने गेलात, तर ती वाट तुमची होते. पण त्याच्या परवानगीने गेलात, तर शंभर वर्षं गेलात तरी तुम्ही पाहुणेच. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की जाणारा विचारून जायचा की न विचारता.

आबा साक्षीला उभे राहिले. धुतलेलं धोतर, टोपी, हात जोडलेले. उलटतपासात मी साध्या आवाजात विचारलं, "आबा, पाण्याला जाताना तुम्ही वहिनींना काही सांगून जायचात?"

ते ताठ झाले. मी त्यांच्या संस्कारांवर शंका घेतली असं त्यांना वाटलं असावं. "म्हंजे काय? बेड्यात उभा ऱ्हाऊन हाक मारायचो, 'वहिनी, येऊ काय आत?' ती ओ द्यायची, मग जायचो. बाईमान्साचं घर. न इचारता कोनाच्या खळ्यात शिरतात काय?"

बेडं म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक. त्या बेड्यात आबांचा वाटेचा हक्क संपला. त्यांच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी ते उत्तर शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. आबांना मात्र आपण फार बिनतोड बोललो असं वाटलं होतं. पिंजऱ्यातून उतरताना ते माझ्याकडे बघून जरासे हसलेसुद्धा. एका माणसाचा सभ्यपणा वापरून मी तो दावा जिंकला. धंदा म्हणून त्यात काही चूक नव्हती, आजही मी तोच प्रश्न विचारीन. पण ते हसू माझ्या लक्षात राहिलंय.

हुकूमनामा झाला. प्रतिवादी, त्याचे कुटुंबीय, नोकर, हस्तक यांनी दावा मिळकतीत कायमचा प्रवेश करू नये, ग्रामदेवतेची पालखी वगळून. काकींनी तो ट्रंकेत ठेवला.

मनाई मोडण्याच्या तक्रारी माझ्याकडे पुष्कळ आल्या. मनाई पाळण्याचा असा नमुना मात्र मी दुसरा पाहिला नाही. आबा विहिरीला सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या, बाजूने वळसा घालून जाऊ लागले. त्यांची कोंबडी काकींच्या खळ्यात गेली तर ते गडग्याबाहेर उभं राहून तिला हाका मारत. वर्षातून एकदाच ते आत येत, शिमग्यात, पालखीला खांदा देऊन. बाकीच्या घरी पालखी कुणीही नाचवो, काकींच्या बेड्याशी आली की आबा पुढे होऊन खांदा मागून घेत. काकी देवीची ओटी भरत. पालखी त्यांच्या दिराच्या खांद्यावर असे. दोघं एकमेकांकडे बघत नसत, पण काकी ओटी भरायला उगाच वेळ लावतात, असं वाडीतल्या बायका म्हणायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काकींनी एका शिमग्याला मला जेवायला बोलावलं होतं. पक्षकाराने दावा संपल्यावर जेवायला बोलावण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात फार नाहीत, म्हणून मी दर वर्षी जाऊ लागले.

मग वाडी हळूहळू रिकामी झाली. कुणी मुंबईला, कुणी बंदरातल्या नोकरीमुळे रस्त्याकडेला खोल्या बांधून. दारांना कुलपं लागली, ती गणपतीला आणि शिमग्याला निघायची. टेम्पोवाला मुलगा मुंबईत स्थिरावला, त्याला वाट नको झाली. नळ आला, तसं विहिरीचं पाणीही कुणी काढेना. ज्याच्यासाठी भांडण झालं ते काहीच उरलं नाही. आबांची बायको वारली. आता पावसाळ्यात त्या वाडीत दोनच चुली पेटत. एक काकींची आणि एक आबांची, मध्ये गडगा आणि माझा हुकूमनामा.

एकदा जेवताना मी काकींना म्हटलं, "काकी, ही मनाई आता कशाला हवी? दोघांनी सह्या करून कोर्टात पुरशिस देऊ, आमचं आपसात मिटलं म्हणून. एका दिवसाचं काम."

"त्यांनी सांगितलंय काय तुमाला?"

"नाही. पण सह्यांचं सोडा. मनाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. तुम्ही केव्हाही त्यांच्या ओटीवर जाऊन बसू शकता."

"ता ठाऊक हाय मला," काकी म्हणाल्या. "निकालाच्या दिवशीच तुमी सांगितलं व्हतं. पन मी कशी जाऊ? जिंकलेली बाई मी." मग माझ्या पानात भात वाढता वाढता म्हणाल्या, "त्यांची बायको गेली तवा निघाले व्हते. बेड्यापरयंत गेले. पाय उचलला नाय."

त्यांच्या परवानगीने मी आबांकडेही गेले. त्यांचे वकील कधीच वारले होते, त्यामुळे त्यांच्याशी थेट बोलायला अडचण नव्हती. आबा ओटीवर काजूच्या बिया निवडत होते. मी पुरशिसचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"हरलो ता हरलो, बाई. पन कोरटाचा शबुद मी राखलाय. एक पाऊल टाकलं नाय. पोराला तवा अडवला नाय, ता माजं चुकलं. त्याची फेड समजा. आता सई करून ती पन घालवू काय?"

दोन म्हातारी माणसं, एकाला जिंकल्याचा मान आणि एकाला पाळल्याचा. कोर्ट 'येऊ नको' म्हणू शकतं. 'जा रे बाबा, बसून ये' असं म्हणायची सोय कुठल्याही कलमात नाही. मी चहा पिऊन परत आले. त्यानंतरच्या शिमग्याला आबांच्याने पालखी उचलवेना. ती त्यांच्याशिवाय आत नाचली आणि ते बेड्याबाहेर काठी टेकून उभे राहिले. काकींनी ओटी चटकन भरली आणि घरात गेल्या. मला जेवायला वाढलं तेव्हा त्या नीट बोलल्याही नाहीत.

गेल्या वर्षी भाद्रपद सरताना, गणपतीला आलेली माणसं परत गेल्यावर, एके दुपारी माझ्या दारात आबा उभे. एसटीने एकटेच आले होते. धुतलेलं धोतर, टोपी, हात जोडलेले. त्यांनी पाटी वाचली, पण दार वाजवलं नाही. बाहेरूनच हाक मारली, "वकीलबाई, येऊ काय आत?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "मनाई मोडली मी. शिक्षा काय आसंल ती सांगा."

मला आधी काही कळेना. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. पाऊस उघडला होता म्हणून काकी खळ्यात कपडे वाळत घालायला आल्या आणि शेवाळावरून पाय घसरून पडल्या. आबांनी गडग्यावरून बघितलं. काकी हलत नव्हत्या. आजूबाजूला सगळ्या दारांना कुलपं.

"बेड्यात उभा ऱ्हायलो. हाक मारली, 'वहिनी, येऊ काय आत?' ओ आली नाय. परत मारली. नाय आली. मग न इचारता गेलो. पयल्यांदाच गेलो तसा."

त्यांनी वहिनीला ओढत कशीबशी ओटीवर नेली, तोंडावर पाणी मारलं. काकींनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "भावोजी, तुमाला मनाई हाय ना?" आबा म्हणाले, "हाय. ता मागनं बघू." मग त्यांनी बंदरात कामाला असलेल्या चुलत पुतण्याला फोन लावला. गाडी आली. काकींना इकडे रत्नागिरीला सरकारी इस्पितळात आणलं. तिथे दोन दिवसांनी त्या गेल्या. मला कुणी कळवलं नव्हतं. कळवायला मी त्यांची कोण होते?

"ती तसं बोलली," आबा म्हणाले, "ती तकरार व्हती काय वो?"

"आबा, तक्रार लेखी लागते. ओटीवर बोललेलं कोर्ट ऐकत नाही. आणि तुम्ही काही मुद्दाम मोडली नाहीत, जीव वाचवायला गेलात. याला शिक्षा नाही."

"मग आता कोन करनार तकरार?"

"त्यांची मुलगी करू शकते. वारस म्हणून."

"तिला मी बोललो. ती बोलते, कसली मनाई, काका? तिच्या ध्यानात पन नाय."

"मग कुणी नाही करणार."

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. "म्हंजे आता मी कवापन खळ्यात गेलो तरी कोन इचारनार नाय."

"नाही, आबा. खुशाल जा."

"जाऊन करू काय?" ते म्हणाले.

मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्याशी उगीचच उभी राहिले. बाहेर आल्यावर ते जायला उठले होते. चहा त्यांनी उभ्यानेच घेतला. कप खाली ठेवून दाराशी गेले आणि वळले.

"येक इचारायचं ऱ्हायलं. वहिनी कधी माज्याकडं आली नाय. माजी बायको गेली तवासुद्धा बेड्यात येऊन परत फिरली. मी बघितलं घरातनं. मी मनाला बोलतो, तिला पन मनाई आसंल. कोरटाचं काम, दोघांना सारखंच आसनार. नायतर ती आली आसती." त्यांनी माझ्याकडे बघितलं. साक्षीच्या पिंजऱ्यात मी बघितले होते, तेच डोळे. "व्हती ना तिला पन?"

उभ्या आयुष्यात मी कायदा कुणाला चुकीचा सांगितलेला नाही. पक्षकाराला नाही, प्रतिवादीला नाही, न्यायाधीशांना तर नाहीच.

"हो, आबा," मी म्हटलं. "मनाई दोघांनाही होती."

"तरीच," ते म्हणाले. टोपी डोक्यावर नीट बसवली आणि पायऱ्या उतरून एसटी स्टँडच्या दिशेने निघून गेले.